स्लायडर उजवीकडे ओढणाऱ्यांना

व्हिडिओ एडिटिंग शिकवणारे एक गृहस्थ आपल्या प्रत्येक कार्यशाळेत सांगतात, की एक्स्पोर्ट करताना बिटरेटचा स्लायडर जाईल तितका उजवीकडे न्यावा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कॅमेऱ्याने टिपलेले कमी करण्याचा एडिटरला अधिकार नाही, फाइव्ह-जी आल्यापासून नेटचा प्रश्न मिटला, आणि एवढे करूनही व्हिडिओ अडकलाच, तर दोष बघणाऱ्याच्या मोबाइलचा. ही शिकवण घेऊन बाहेर पडलेली मुले गावोगावच्या नाट्यमंडळांचे, शाळांचे, देवस्थानांचे व्हिडिओ त्यांच्या त्यांच्या संकेतस्थळांवर चढवत आहेत. ते व्हिडिओ कोणाला धड बघता येत नाहीत. म्हणून या मताचा समाचार घेणे भाग आहे.

पहिला मुद्दा अधिकाराचा. फुल एचडीची एक चौकट १९२० गुणिले १०८० ठिपक्यांची. सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर न दाबलेल्या साध्या आठ बिटांच्या चित्राला सेकंदाला सुमारे ६२२ मेगाबिट लागतात. कॅमेरा कार्डावर लिहितो तेव्हा त्यातले ५० किंवा १०० मेगाबिटच ठेवतो. म्हणजे फाइल एडिटरच्या हाती येण्यापूर्वीच बहुतेक माहिती गेलेली असते. काय ठेवायचे आणि काय सोडायचे हा निर्णय यंत्राने घेतलेला चालतो आणि माणसाने विचारपूर्वक घेतला की तो पाप ठरतो, हे मला मान्य नाही.

पण माझा खरा राग दुसऱ्या मुद्द्यावर आहे. नेटचा प्रश्न मिटला म्हणे! कोणाचा मिटला?

सिंधुदुर्गातल्या दशावताराचे उदाहरण घेऊ. जत्रेच्या रात्री देवळासमोर झालेले दोन तासांचे आख्यान ५० मेगाबिटने एक्स्पोर्ट केले, तर फाइल होते ४५ जीबीची. हे बघणार कोण? मुंबईला गेलेला चाकरमानी, रात्रपाळीवरून परतताना, मोबाइलवर. दिवसाला दीड जीबीचा पॅक वापरणारे लाखो लोक आपल्याकडे आहेत. त्या फाइलवर दीड जीबी चार मिनिटांत संपतो. चार मिनिटांत गणपतीची पूजा आटोपत नाही, संकासुर तर दूरच. तेच चित्र ४ मेगाबिटने दिले तर पन्नास मिनिटे चालेल; आणि ४८० पीची १ मेगाबिटची प्रत दिली तर अख्खे आख्यान त्याच दिवसाच्या पॅकमध्ये बसून वर काही उरेल. हा हिशेब शाळेतल्या मुलालाही जमतो. तो न करता कार्यशाळा घेणे हा शिकणाऱ्यांवर अन्याय आहे.

स्पीड टेस्टवर ८० मेगाबिट दिसले म्हणून ५० मेगाबिटचा व्हिडिओ सुरळीत चालेल, असेही हे गृहस्थ शिकवतात. स्पीड टेस्ट सांगते ती त्या क्षणाची गत. गाडी बोगद्यात शिरली, टॉवरवर माणसे वाढली, घराच्या आतल्या खोलीत गेलो, की ती बदलते. गणपतीत कोकणातल्या एखाद्या वाडीत जाऊन बघावे: एरवी तीस-चाळीस मोबाइल सांभाळणाऱ्या टॉवरवर एकदम सगळी मुंबई उतरलेली असते. शिवाय ५० मेगाबिट ही सरासरी. राक्षस आणि देव तलवारी घेऊन गरगर फिरू लागले, की त्या काही सेकंदांची गरज सरासरीच्या कितीतरी वर जाते. नेट खाली आणि गरज वर, असे एकाच वेळी झाले की प्लेअरचा साठा संपतो आणि पडद्यावर गोल चक्र फिरू लागते. ऐन युद्धाच्या प्रसंगात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा भारतातल्या मोठमोठ्या व्हिडिओ सेवांनी मोबाइल नेटवर्कवर ४८० पीच्या वरचे चित्र काही काळ बंद ठेवले होते. ज्यांचा धंदाच चित्र पोहोचवण्याचा, त्यांना जे कळते ते आपल्याला कळू नये?

या सल्ल्याचे मूळ कुठे आहे तेही सांगतो. यूट्यूबवर चढवायची फाइल जरा भारी असावी, हे खरेच आहे. कारण यूट्यूब ती फाइल प्रेक्षकाला देत नाही. तिच्यावरून स्वतःच्या लहानमोठ्या प्रती बनवतो आणि ज्याचे नेट जसे, तशी प्रत त्याला देतो. आपल्या संकेतस्थळावर नुसती फाइल ठेवली, तर हे काम करणारे मध्ये कोणीच नसते. तिथे चढवलेली फाइलच प्रेक्षकाच्या माथी येते. एका जागचा बरोबर सल्ला दुसऱ्या जागी नेऊन लावला, एवढीच ही गफलत. आणि यूट्यूबसुद्धा साध्या २५-३० चौकटींच्या फुल एचडीसाठी ८ मेगाबिटच सुचवतो, ५० नव्हे!

मोबाइलच्या दोषाचा मुद्दा एका वाक्यात निकालात निघतो: कॅमेऱ्याचे दहा बिटांचे ४:२:२ चित्र जसेच्या तसे एच.२६४ मध्ये ढकलले, तर बहुतेक फोनांच्या चिपला ते उलगडता येत नाही, आणि हा दोष ढकलणाऱ्याचा आहे.

याच मंडळींशी माझा एक जुना वाद आहे, २४ चौकटींचा. ‘सिनेमॅटिक’ दिसावे म्हणून २५ ने चित्रित केलेली टाइमलाइन २४ ने एक्स्पोर्ट करण्याची टूम मध्यंतरी निघाली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. दिव्यांचा लुकलुकाट टाळायला २५ चौकटी आणि पन्नासांश सेकंदाचा शटर हे आपल्याकडचे सरळ गणित. त्यातून २४ काढायच्या, म्हणजे दर सेकंदाला एक चौकट फेकायची. कॅमेरा सावकाश फिरू लागला की प्रत्येक सेकंदाला बारीक हिसका बसतो. लोक नेटला शिव्या देतात. हिसका फाइलमध्येच भरलेला असतो. हे मी तेव्हाही सांगत होतो. मोबाइलवर बदलत्या गतीने टिपलेले चित्र तसेच जोडल्याने मृदंगाची थाप आणि हात यांची फारकत होते, तेही सांगत होतो.

मग करावे काय? चित्रित केले तीच गती ठेवावी. २००३ पासूनचा एच.२६४ अजून जवळजवळ प्रत्येक ब्राउझर आणि फोन सहज चालवतो, तोच घ्यावा. आठ बिट, ४:२:०, हाय प्रोफाइल. ठरीव बिटरेटऐवजी ठरीव दर्जा, म्हणजे सीआरएफ, २० ते २३ ठेवावा आणि वर ५-६ मेगाबिटची मर्यादा घालावी. दशावताराला हे फार मानवते: मागे एक पडदा, पुढे बाकडे, कॅमेरा स्टँडवर. गद्य संवाद चालू असताना चित्रात फारसे हलतच नाही, तेव्हा बिट वाचतात आणि लढाईला मिळतात. रात्रीच्या चित्रणात दाणे फार असतात. ते एक्स्पोर्टआधी हलक्या हाताने काढावेत, कारण त्या दाण्यांचा अंदाज कोडेकला बांधता येत नाही आणि सगळे बिट त्यांच्यावर जातात. मग संकासुराच्या काळ्या वेशात चौकोन उठतात. दर दोन सेकंदांना की-फ्रेम ठेवावी, म्हणजे पुढे-मागे सरकवताना व्हिडिओ चटकन पकडतो. आवाजाला एएसी, १२८ ते १६० किलोबिट.

आणि ‘फास्ट स्टार्ट’ विसरू नये. एमपी४ फाइलमध्ये कोणती चौकट कुठे आहे याची सूची असते. पुष्कळदा ती फाइलच्या शेवटी लिहिली जाते, आणि ती हाती येईपर्यंत ब्राउझरला काही दाखवता येत नाही. ती पुढे आणायला पुन्हा रेंडर लागत नाही. एफएफएमपेगमध्ये त्यासाठी एक छोटा पर्याय आहे; हँडब्रेकमधून फाइल काढत असाल, तर ती काढतानाच ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ची खूण करावी. दोन्ही साधने फुकट आहेत. शक्य असेल तर १०८०, ७२० आणि ४८० अशा तीन प्रती करून एचएलएसने द्याव्यात, म्हणजे नेट खालावले की प्लेअर आपोआप खालची प्रत उचलतो.

कॅमेऱ्याने टिपलेल्याचा ज्यांना एवढा कळवळा आहे, त्यांनी मूळ चित्रण आणि भारी मास्टर दोन वेगवेगळ्या डिस्कवर, दोन वेगवेगळ्या घरांत जपून ठेवावे. दशावतारी मंडळींची आख्याने लिहिलेली नसतात. एका रात्रीचे बोल दुसऱ्या रात्री तसे येत नाहीत. ४५ जीबी लागतात ते तिथे.