शेवटच्या पेल्याची वेळ

मुंबई-नागपूर लोहमार्गावर वसलेल्या आमच्या नांदुऱ्यात ज्याला रात्री झोप लागत नाही, त्याला घड्याळाची गरज पडत नाही. भुसावळकडे आणि शेगावकडे जाणाऱ्या गाड्या मोजत तो पहाट गाठतो. दुसऱ्या दिवशी निद्रानाशाची सबब सांगताना हाच गृहस्थ उकाडा, डास, वार्धक्य आणि मुलाबाळांची चिंता या सर्वांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. परंतु रात्री नऊ वाजता शेजाऱ्याच्या ओसरीवर आग्रहाखातर घेतलेल्या कॉफीचे नाव त्याच्या जबानीत कधीच येत नाही.

वऱ्हाडात कॉफी ही तशी पाहुणी. नित्याचा मान चहाचा. पण दोहोंतील उत्तेजक द्रव्य एकच, कॅफीन. कपामागे चहात ते कॉफीच्या साधारण निम्मे उतरते. दिवसभराच्या जागृतीने मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्या संचयातून झोपेची ओढ उत्पन्न होते; कॅफीन नेमक्या त्याच्याच जागा बळकावून बसते, त्यामुळे थकवा नाहीसा होत नाही, त्याचा तगादा तेवढा ऐकू येईनासा होतो. रक्तातील निम्मे कॅफीन निघून जाण्यास निरोगी प्रौढ माणसाला सुमारे ५ तास लागतात. म्हणजे नऊच्या कॉफीची निम्मी बाकी रात्री दोन वाजताही अंगावर असतेच. गर्भवती स्त्रियांच्या बाबतीत ही मुदत पुष्कळच लांबते आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या बाबतीत आखडते. तेव्हा पारावर बसून ‘आपल्याला काही होत नाही’ अशी प्रौढी मिरवणाऱ्या विडीबहाद्दराचा दाखला इतरांनी प्रमाण मानू नये.

अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निजण्यापूर्वी ६ तास ४०० मिलिग्रॅम कॅफीन घेतलेल्यांची झोप तासाहून अधिक घटल्याचे आढळले. ही मात्रा चार कप कॉफीइतकी, हे खरे; पण आमच्याकडे दुपारी चारपासून घरोघरी हिंडणाऱ्या माणसाच्या पोटात किती ‘अर्धे कप’ जातात, याचा जमाखर्च कोणी मांडला आहे काय?

पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमधील चहापानावरून रानडे-टिळकांसारख्या पुरुषांवर ग्रामण्य आले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोहोचले आणि प्रायश्चित्ताचा खल वर्षानुवर्षे चालला. चहा कोणाच्या हातचा घ्यावा यावर आमच्या समाजाने एवढी शाई खर्च केली. तो केव्हा घ्यावा, हा प्रश्न मात्र कोणाच्या दफ्तरी दाखल झाला नाही. उलट ज्या जायफळाला आमच्या आज्या झोप आणणारे म्हणून बाळाच्या गुटीत उगाळीत, तेच जायफळ आम्ही कॉफीत किसून घालतो. एकाच पेल्यात वादी आणि प्रतिवादी शेजारी बसवण्याचा हा न्याय मला नेहमीच मौजेचा वाटत आला आहे.

आमच्या गावच्या १०५ फुटी हनुमानाच्या मूर्तीपाशी, हमरस्त्यावर मध्यरात्री मालमोटार थांबवून चहा घेणाऱ्या चालकाबद्दल माझी तक्रार नाही. त्याला जागणे हेच कर्तव्य आहे. माझा आक्षेप आहे तो, ज्याला दहा वाजता निजायचे आहे त्याच्याही पुढे कपबशी सरकवणाऱ्या आतिथ्यावर. पाहुण्याला नकार देता येत नाही, कारण नकार हा यजमानाचा अपमान ठरतो. म्हणून हा शिरस्ता यजमानानेच मोडला पाहिजे. सकाळी हवा तितका आग्रह करावा, पण दुपारी तीननंतर ‘चहा ठेवू का?’ हा प्रश्नच विचारू नये.

मी स्वतः गेल्या उन्हाळ्यापासून सायंकाळी येणाऱ्यांस जिरे घातलेले ताक देऊ लागलो. परवा एक स्नेही साडेआठला आले, निमूटपणे ताक प्याले, त्याची स्तुतीही केली. आणि निरोप घेऊन निघाले ते थेट कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन उभे राहिले. माझ्या ओसरीवरून ती टपरी स्पष्ट दिसते, हे बहुधा त्यांच्या ध्यानात नसावे.