कोयनेचे अवजल आणि वेळणेश्वरची विहीर

मे महिन्यात वेळणेश्वरला आलेल्या पाहुण्याला समुद्र दिसतो, नारळी-पोफळीच्या बागा दिसतात, शंकराचे देऊळ दिसते. विहिरीत डोकावण्याचे त्याला कारण पडत नाही. गुहागर तालुक्याच्या या किनारपट्टीवर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पण जांभ्याच्या सड्यावर आणि उतारावर पडलेले पाणी बघता बघता समुद्राला मिळते. होळीनंतर विहिरी खोल जातात आणि उपसा वाढला की किनाऱ्यालगतचे पाणी मचूळ होऊ लागते. नेमके तेव्हाच मुंबईचे चाकरमानी आणि पर्यटक येतात, आणि वाड्यांवर टँकरची चौकशी सुरू होते.

याच तालुक्याच्या उत्तर टोकाला, अंजनवेलजवळ, वाशिष्ठी नदी दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिच्या पात्रातले उन्हाळ्यातले पाणी बरेचसे तिचे स्वतःचे नसते. ते कृष्णेच्या खोऱ्यातले असते. कोयना ही कृष्णेची उपनदी. सह्याद्रीच्या पूर्वेला अडवलेले तिचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला सोडले जाते, पोफळी परिसरातल्या भूमिगत वीजगृहांत जनित्रे फिरवते, मग कोळकेवाडी धरणात येऊन पुन्हा एकदा वीज देते आणि शेवटी वाशिष्ठीत उतरते. वीज करून उरलेले हे पाणी म्हणजे अवजल. प्रकल्पाची स्थापित क्षमता १९६० मेगावॅट आहे. १९७६च्या बच्छावत लवादाच्या निवाड्याने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली.

६७.५ टीएमसी म्हणजे किती? २०११च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख १५ हजार. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटर या निकषाने संपूर्ण जिल्ह्याला वर्षभर पाणी द्यायचे, तर लागते सव्वा टीएमसीहूनही कमी. अवजलाच्या दोन टक्केही नाही. उरलेल्यातला थोडा भाग चिपळूण आणि औद्योगिक वसाहती उचलतात, बाकीचे खाडीतून समुद्रात जाते.

कोयनेच्या पाण्यावरचा वाद मात्र अजून सह्याद्रीच्या माथ्यावरच अडलेला आहे. पाऊस कमी झाला की सांगली-साताऱ्यातून मागणी होते, वीज बाहेरून घ्या, पाणी पूर्वेला सोडा. ती चुकीची म्हणता येत नाही. दुष्काळी तालुक्यांतल्या शेतकऱ्यालाही तहान आहेच. वीज कंपन्यांचे म्हणणेही खरे. पश्चिमेच्या उंच कड्यावरून पाणी उतरवले की जी वीज मिळते, तिच्या मानाने धरणाच्या पायथ्याशी फारच थोडी मिळते. शिवाय ही वीज धूर ओकत नाही, आणि संध्याकाळी मागणी वाढताच काही मिनिटांत सुरू करता येते. सौरऊर्जा वाढेल तशी सूर्यास्तानंतर कोयनेची गरज वाढतच जाईल. या भांडणात तिसरा पक्ष, म्हणजे खाली वाशिष्ठीकाठी आणि किनाऱ्यावर राहणारा माणूस, कोणी मोजत नाही.

विजेच्या मागणीप्रमाणे पाणी सुटते आणि थांबते. नदीचा दिवस वीज ठरवते. निर्मिती थांबली की चिपळूणजवळ पात्र उतरते, नळयोजनांना पाणी मिळेनासे होते आणि भरतीचे खारे पाणी वर सरकायला वाट मिळते. त्यात कोयनेचे जलवर्ष १ जून ते ३१ मे असे धरतात. म्हणजे विजेचा पाणीकोटा संपत येतो तो मेमध्ये, आणि कोकणातल्या विहिरी आटतात त्याही मेमध्ये. तारखांचा हा मेळ कुणी मुद्दाम घातलेला नाही, पण त्याचे परिणाम दवाखान्यात दिसतात.

पाणी कमी पडले की घरात पहिली काटछाट हात धुण्यात आणि आंघोळीत होते. मग जुलाब, खरूज, लघवीची जळजळ, मुतखडा. मचूळ पाण्याचे दुखणे त्याहून छुपे. जीभ खारटपणाला सरावते, त्यामुळे तक्रार होत नाही. पण अन्नातल्या मिठाखेरीज पाण्यातला सोडियम रोज शरीरात जात राहतो. बांगलादेशच्या किनारी भागातल्या अभ्यासांत खारे पाणी पिणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये रक्तदाब वाढण्याचे प्रमाण अधिक आढळले, आणि पावसाळ्यापेक्षा कोरड्या महिन्यांत ते जास्त होते. कोकण किनाऱ्यावर गरोदर बाईचा रक्तदाब तपासताना तिच्या विहिरीची क्षारता तपासायची पद्धत नाही. ती पडायला हवी. क्षारता मोजायचे यंत्र खिशात मावते आणि महागही नाही.

पावसाळ्यात हीच नदी दुसऱ्या टोकाला जाते. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडाले. डोंगरात झालेला प्रचंड पाऊस, भरती, पात्रात साचलेला गाळ ही कारणे उघड होती. कोळकेवाडीतून सोडलेल्या पाण्याचा वाटा किती, यावर मोठा वाद झाला. वाट्याचा हिशेब काहीही निघो, पाणी सुटण्याची वेळ खालच्या गावाला आधी कळली पाहिजे, याबद्दल वाद असू नये. पूर ओसरल्यावर चिखलातून चालणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस गाठतो, तोही बहुधा पाच ते चौदा दिवसांनी, बातमी शिळी झाल्यावर. अंगावर पाणी वाढण्याआधी सहा तास मिळाले तर औषधे, लशी आणि रुग्ण वरच्या मजल्यावर हलवता येतात. गाळ काढण्यासाठी मात्र चिपळूणकरांना साखळी उपोषणाला बसावे लागले.

जलविद्युत बंद करा, असे कुणी शहाणा म्हणणार नाही. पण वीजनिर्मितीच्या वेळापत्रकात नदीचा आणि पिणाऱ्याचा एक रकाना असायला काय हरकत आहे? मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत वाशिष्ठीत रोज ठरावीक किमान प्रवाह राहावा, मग त्यासाठी कोट्यातले थोडे पाणी हिवाळ्यातच राखून ठेवावे लागले तरी चालेल. वीजगृहांच्या प्रवाहातले असे चढउतार नदीला घातक ठरतात, म्हणून स्वित्झर्लंडने २०११ पासून कायद्यानेच ते सौम्य करणे प्रकल्पांवर बंधनकारक केले आहे. तिथे काळजी मुख्यतः माशांची होती. इथे दाभोळ खाडीतल्या माशांबरोबर माणसेही आहेत.

अवजल मुंबईला नेण्याची योजना वर्षानुवर्षे चर्चेत आहे. मुंबईची गरज खोटी नाही. परंतु ज्या तालुक्याच्या काठावरून हे पाणी समुद्रात जाते, त्याच्या वाड्यांचा सव्वा टीएमसीतला हिस्सा आधी बाजूला काढायला हवा. तो उचलायला वीज लागेल, गाळायला शुद्धीकरण केंद्र लागेल, आणि खाडीत सांडपाणी सोडणाऱ्या उद्योगांवर नजर ठेवावी लागेल. नळ आल्यावर गावाने विहिरी आणि पऱ्ये बुजू देणेही परवडणार नाही, कारण दुष्काळी वर्षात पाणी पूर्वेला वळले तर नळाला हवा येईल.

दर वर्षी १५ ऑक्टोबरला धरणांतला साठा पाहून पुढच्या वर्षाचे पाणीवाटप ठरते. सिंचन आणि विजेची गणिते त्या बैठकांत मांडली जातात. गुहागर-चिपळूणच्या आरोग्य खात्याने मेमधल्या विहिरींची क्षारता, टँकरच्या फेऱ्या आणि जुलाबाच्या रुग्णांचे आकडे घेऊन त्या टेबलाशी एक खुर्ची मागायला हवी.