लांबलेला पास

परवा नाशिकच्या भाचीचा फोन आला. "मावशी, तुमचं गुरुवारचं ब्रिज बंद पडलं म्हणे? भांडण झालं का?" बातमी कुठून कुठे जाते बघा! बंद पडलं नव्हतं, तीन गुरुवार झालं नाही इतकंच. आणि चूक माझी होती. म्हटलं, आता प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा इथेच एकदा लिहून टाकावं.

ब्रिज न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. चार जण, समोरासमोर बसलेले दोघं एकमेकांचे भिडू, प्रत्येकाला तेरा पानं. खेळण्याआधी बोली होते. अमुक रंग हुकूम धरून आम्ही इतके हात करू, असं सांगायचं. आपल्याकडे काय आहे हे भिडूला कळवायचं ते या बोलीतून, आणि मग पान टाकताना त्या पानातून. बाकी कशातूनही नाही. भुवई नाही, सुस्कारा नाही, खुर्चीत चुळबुळ नाही.

आम्ही लहानपणी मेंढीकोट खेळायचो तेव्हा खुणा करणं हीच तर निम्मी गंमत होती. नाक खाजवलं की इस्पिक, कान धरला की बदाम. पकडलं की आरडाओरडा, आणि पुन्हा डाव सुरू. ह्यांनी ब्रिज शिकलं ते लोकलमध्ये, मांडीवर ब्रीफकेस ठेवून. तिथेही शिस्तीच्या नावाने आनंदच असावा. मी निवृत्त झाल्यावर ह्यांच्याकडूनच शिकले. त्यामुळे "घरचाच खेळ आहे, त्यात कसले आलेत नियम" असं मलाही बरीच वर्षं वाटायचं.

तर त्या गुरुवारी काय झालं.. समोर आमच्याच मजल्यावरचे एक निवृत्त इंजिनिअर आणि त्यांचे मेहुणे. बोली चढत चढत गेली. मी तीन इस्पिक बोलले, त्यावर इंजिनिअर चार बदाम बोलले. पाळी ह्यांची. ह्यांनी पानांकडे पाहिलं, पानं मिटली, पुन्हा उघडली, आणि मिनिटभराने "पा..स" म्हणाले. मेहुण्यांचा पास. आणि मी चार इस्पिक बोलले. दहा हात झाले, आम्ही जिंकलो.

इंजिनिअर पानं गोळा करत म्हणाले, "बाई, साहेबांचा पास जरा लांबलचक होता हो."

मला इतका राग आला! चाळीस वर्षं मुलांना कॉपी करू नका म्हणून सांगितलं, आणि हा माणूस मला कॉपी केली म्हणतोय? मी काहीतरी तिखट बोलले. ते उठून गेले.

रात्री झोप येईना तेव्हा माझा हात मी पुन्हा आठवून पाहिला. पाच इस्पिकं, एक्का एकच, बाकी भाजीपाला. ह्यांनी झटकन पास म्हटलं असतं तर मी काय केलं असतं? मीही पासच म्हटलं असतं. ह्यांच्याकडे काहीतरी आहे हे मला त्या एका मिनिटाने सांगितलं होतं.

ब्रिजच्या नियमावलीत याची फार नीट व्यवस्था आहे, आणि मला ती आता आवडायला लागली आहे. विचार करायला थांबणं हा गुन्हा नाही. नकळत वेळ लागला तर नियम त्याला दोष देत नाही. बंधन आहे ते भिडूवर. भिडूच्या थांबण्यातून जे कळलं ते वापरायचं नाही. तुमच्यासारख्या खेळाडूंपैकी काहींनी तिथे पास म्हटलं असतं, आणि भिडूचं थांबणं पुढे बोलायला सुचवत होतं, तर ती बोली चालत नाही. मग स्पर्धा असेल तर पंच निकाल बदलतो. तुमच्या मनात काय होतं हे तो विचारतच नाही. म्हणजे कुणी तुम्हाला लबाड ठरवत नाही. मला हे माहीत असतं तर त्या दिवशी इतकं झोंबलं नसतं.

मोठ्या स्पर्धांत तर खेळाडूंना एकमेकांपासून लपवायचीच सोय करतात. बोली तोंडाने बोलायचीच नाही, समोरच्या डबीतून त्या बोलीचं कार्ड काढून ठेवायचं. म्हणजे "पास" आणि "पा..स" यांतला फरक संपला. १९७५ साली बर्म्युडाच्या जागतिक स्पर्धेत टेबलावर तिरका पडदा लावला, भिडूचं तोंडच दिसू नये म्हणून. तर त्याच स्पर्धेत एका इटालियन जोडीच्या टेबलाखालच्या पायांच्या हालचालींवरून गदारोळ झाला आणि त्यांना कडक ताकीद मिळाली. मग टेबलाखालीही आडोसा करावा लागला! माणूस कुठून कुठून बोलतो बघा.

पण ती ठरवून केलेल्या खुणांची गोष्ट झाली. मला जास्त अवघड वाटतं ते न ठरवलेलं. एकदा परीक्षेत मी एका मुलीच्या बाकापाशी नुसती थांबले. तिचं अक्षर फार सुंदर होतं, ते बघत होते. तिने वर पाहिलं, घाबरली आणि बरोबर असलेलं उत्तर खोडून टाकलं. मी एक शब्द बोलले नव्हते.

इंजिनिअरांचंही थोडं चुकलंच, असं माझं मत आहे. हरल्यावर बोलण्यापेक्षा मी चार इस्पिक बोलले तेव्हाच "साहेब थांबले होते, बरोबर ना?" एवढं शांतपणे विचारायचं होतं. आम्ही हो म्हटलं असतं, आणि निकालाचं नंतर पाहिलं असतं. असो. चौथ्या गुरुवारी मी थालीपीठं घेऊन त्यांच्याकडे गेले आणि माझं चुकलं म्हणाले. ते म्हणाले, "अहो बाई, मी तर विसरलो पण होतो." विसरले नव्हते, पण थालीपीठं खाल्ली.

खरी अडचण पुढेच आहे. गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर ह्यांना हातातली पानं लावायलाच वेळ लागतो. कधी ते खरंच विचारात असतात, कधी आपली पाळी आहे हेच लक्षात नसतं. कोणतं थांबणं कसलं हे मला न बघता कळतं, पन्नास वर्षं एका घरात काढली आहेत. समोरच्यांना ते कळायचा काही मार्ग नाही. "अहो, पाळी तुमची" म्हणायचीही मला चोरी, कारण त्या आवाजातही काहीतरी जायचंच. आता ते काम इंजिनिअर करतात. "साहेब, तुमचं" असं हळूच म्हणतात. मी पानांत तोंड घालून बसते आणि ह्यांनी एका सेकंदात पास म्हटलं असं धरून बोलते. कधी कधी त्यात डाव जातो.

परवाच्या गुरुवारी गेला. ह्यांनी फार वेळ लावून पास म्हटलं, मीही पास म्हटलं. समोरच्यांचे चार बदाम आरामात झाले. घरी येताना जिन्यात हे म्हणाले, "काय गं, तुझ्याकडे पाच इस्पिकं होती ना?"

"होती," मी म्हटलं. "कठडा धरा, दिवा गेलाय इथला."