घराचे धनी

आपल्या बीड जिल्ह्यातील एखाद्या जुन्या माळवदी घराचा इतिहास लिहावयाचा म्हटला, की लोक प्रथम कागदांची पेटी उघडतात. पणजोबांच्या वेळचे कागद बहुधा मोडीत किंवा उर्दूत असतात. कारण सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व तेथील सरकारी कारभार उर्दूत चाले. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले. राज्ये बदलली, लिपी बदलली. परंतु खरेदीखत असो वा वाटणीपत्र, त्यांतील नावे बहुतेक पुरुषांचीच राहिली.

असा इतिहास मला अपुरा वाटतो. ढाळजेत बसून घराचे व्यवहार पुरुषांनी केले, हे खरे. पण पावसाळ्यापूर्वी माळवदावर माती पडली नाही, तर घर गळू लागते आणि तुळया कुजतात. माती टाकीत गडी. ती वेळेवर पडते की नाही, हे पाहणारी मात्र घरची बाईच असे. बळदातील धान्य वर्षभर पुरविणारीही तीच.

मोठ्या घरांचीही हीच कथा. पुण्यातील बडोदेकर गायकवाडांचा वाडा १९०५ मध्ये लोकमान्य टिळकांनी विकत घेतला. पुढे लोक त्यास केसरी वाडा म्हणू लागले. दोन्ही धन्यांची आठवण नावात राहिली. १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा होऊन मंडालेस नेण्यात आले. ते परतले १९१४ मध्ये. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई १९१२ मध्येच निवर्तल्या. पतीवाचून ती चार वर्षे त्यांनी कशी काढली असतील? वाड्याच्या धन्यांत त्यांची गणना कोणी करीत नाही.

कोणी म्हणेल, कायद्यानेच हक्क नव्हता, तर नाव येणार कोठून? तेही खरे. वडिलोपार्जित घरात मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि साऱ्या देशात २००५ मध्ये मिळाला. तरीही अनेक बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतात. घराच्या कागदावर त्यांचे नाव प्रथम उमटते, ते घर सोडताना!

म्हणून, मुलांनो, पेटी उघडण्यापूर्वी आजीजवळ बसा. १९७२ च्या दुष्काळात आपल्या घरी चूल कशावर पेटली आणि ती कोणी पेटविली, हे तिला विचारा. आणि तिने सांगितलेली नावे वहीत पहिल्या पानावर लिहा.