विद्यापीठाची ओसरी

एप्रिलचा तिसरा आठवडा उलटला की विद्यापीठाचे आवार उन्हाने आणि परीक्षांनी एकदमच तापते. वर्ग ओस पडतात, ग्रंथालयात मात्र बसायला जागा मिळत नाही, प्राध्यापकांच्या खिशात पर्यवेक्षणाच्या वेळापत्रकाची घडी असते; आणि अशा दिवसांत इंग्रजी विभागाच्या सूचनाफलकावर, बैठक क्रमांकांच्या याद्या आणि हजेरीच्या ताकिदी यांच्या दाटीत, चार टाचण्यांनी लावलेला एक कागद आपल्याला दिसतो. २३ एप्रिल, दुपारी तीन वाजता, जागतिक ग्रंथदिनानिमित्त काव्यवाचन व अनुवाद-वाचन, सर्वांना आग्रहाचे निमंत्रण. तळाशी चहापानाचा उल्लेख असतो. तो विसरला तर खुर्च्या किती रिकाम्या राहतात, हे अशा कार्यक्रमांच्या संयोजकांना विचारावे.

ही तारीख मोठी गमतीची आहे. युनेस्कोने १९९५ साली ती ग्रंथ आणि स्वामित्वहक्क यांच्या नावे केली. शेक्सपिअरने देह ठेवला तो २३ एप्रिल १६१६ रोजी, आणि ‘दोन किहोते’चा कर्ता सर्व्हान्तेस याच्या दफनाची नोंदही नेमकी त्याच तारखेची. पण स्पेनने तोवर ग्रेगरियन कालगणना स्वीकारली होती आणि इंग्लंड जुन्या ज्युलियन कालगणनेलाच धरून होते. दोहोंत दहा दिवसांचे अंतर. म्हणजे तारीख एक, दिवस मात्र दोन. स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या सुखाने पाळणाऱ्या आपल्याला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. संयुक्त राष्ट्रांनीही हीच तारीख इंग्रजी आणि स्पॅनिश या दोन्ही भाषांचा दिवस म्हणून वाटून दिली आहे. एका तारखेवर दोन भाषा शेजारी-शेजारी बसू शकतात, एवढे जरी या दिवसाने आपल्या मनावर ठसवले, तरी त्याचे येणे वाया गेले नाही म्हणायचे.

कारण आपल्याकडे इंग्रजी आणि मराठी यांची भांडणे जितकी गाजली, तितका त्यांचा शेजार गाजला नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले. आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात ‘हॅम्लेट’ हाती घेऊन त्याचे ‘विकारविलसित’ केले. पुढच्या शतकात तर हा शेजार एकाच माणसाच्या अंगात नांदू लागला. विंदा करंदीकर महाविद्यालयात इंग्रजी शिकवत आणि घरी येऊन मराठी कविता लिहीत. ‘किंग लिअर’ला ‘राजा लिअर’ म्हणून त्यांनीच आपल्या दारी आणले. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजीचे अध्यापक होते. ‘सौंदर्यमीमांसा’ हा मराठीतला भारदस्त ग्रंथ सिद्ध करणारे रा. भा. पाटणकर मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचे प्रमुख होते. ‘कोसला’कार नेमाड्यांनी गोवा विद्यापीठात हेच आसन सांभाळले. उलट दिशेनेही वाट चालती राहिली: मुंबईत इंग्रजी शिकवणारे कवी निसिम इझिकेल यांनी वृंदा नाबर यांच्या साथीने इंदिरा संतांची कविता इंग्रजीत नेली. ही नावे एका ओळीत मांडली की ध्यानात येते, परक्या भाषेचा म्हणून ओळखला जाणारा हा विभाग मराठीच्या घरचाच निघाला.

मग आज त्या विभागाचा हिशेब मांडायला आपण बसलो, तर जमेच्या बाजूला काय दिसते? चर्चासत्रे होतात, प्रमाणपत्रे वाटली जातात, शाल-श्रीफळ होते, समूह-छायाचित्रात पहिली रांग कोणी घ्यायची यावर थोडी कुजबुज होते. अहवालाच्या फाइलीत पाने वाढतात. हे सारे निरर्थक आहे असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. दिवा लावायचा तर आधी वात वळावी लागतेच. पण वाती वळता वळताच तिन्हीसांज टळून जाऊ नये. तालुक्याच्या गावाहून येऊन इंग्रजी विषयात एम. ए. करणारा मुलगा मागच्या बाकावर का बसतो, त्याच्या वहीत काय लिहिलेले आहे, ते त्याने कोणत्या भाषेत लिहिले आहे, हे कुणी त्याला विचारले का, यावरच त्या जमेची खरी किंमत ठरते.

अशाच एका दुपारी आपण मागे बसलेलो असतो. पंखा आवाज करत असतो, ध्वनिक्षेपक मधूनच शिट्टी वाजवतो. एक विद्यार्थिनी आजोळच्या घरावरची स्वतःची मराठी कविता वाचते आणि मग तिचा स्वतःच केलेला इंग्रजी अनुवाद वाचू लागते. ‘ओसरी’पाशी ती अडते. कागदावर तिने ‘व्हरांडा’ लिहिलेले असते. पण तो शब्द उच्चारून झाल्यावर तिचे तिलाच पटत नाही. व्हरांड्यात सूप घेऊन तांदूळ निवडणारी आजी बसत नाही, ती म्हणते; तिथे वहाणा काढून, ‘आहेत का घरात?’ म्हणून हाक देणारा वाटसरूही येत नाही. सभागृह हसते. कुणी ‘पोर्च’ सुचवते, ते लगेच नापास होते. मग मराठी विभागातून आलेल्या एक बाई शांतपणे म्हणतात, ‘अगं, ओसरीच राहू दे. व्हरांडा तरी इंग्रजांना कुठे भेटला? इथेच ना? एक शब्द त्यांनी नेला, आता दुसरा आपण होऊन पाठव.’ मुलगी पेन काढते, छापील शब्दावर काट मारते आणि वर रोमन लिपीत ‘ओसरी’ लिहिते. अहवालात या क्षणाची नोंद होणार नाही. पण त्या दुपारी विभागात खरे काम झाले ते एवढेच.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले, आणि वाटायलाच हवे होते. परंतु दर्जा म्हणजे घराला मिळालेली पाटी. घरात काय आहे ते येणाऱ्याला दाखवायचे तर दार उघडून त्याला आत बोलवावे लागते. हे बोलावणे ज्यांच्या जिभेवर दोन्ही भाषा आहेत त्यांनीच करायचे. म्हणून २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन इंग्रजी विभागाने परका मानू नये, आणि २३ एप्रिलच्या कार्यक्रमाला मराठी विभागाने पाहुण्यासारखे येऊ नये. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, त्यांचे ‘राजमुकुट’ आणि मूळ ‘मॅक्बेथ’ शेजारी ठेवून वाचायला कुणाची परवानगी लागते? दोन्ही विभागांचा सूचनाफलक एक करायला कुठला ठराव हवा?

ओसरी ही अर्धी घराची आणि अर्धी गावाची असते. तिथे आलेल्याला कूळ विचारण्याआधी पाण्याचा तांब्या मिळतो. इंग्रजी विभागाने आपल्या विद्यापीठात ती जागा व्हावे, ती झाडून-सारवून ठेवावी, आणि २३ एप्रिलला दुपारी तीन वाजता आपणही तिथे जरा वेळेवर जाऊन बसावे. चहा नंतर आहे.