पाय धुणाऱ्यांचा धर्म

‘सेवा’ हा शब्द आपण इतका वापरलाय की तो पार झिजून गेला. एन.एस.एस.चा कॅम्प झाला, हातात झाडू घेऊन फोटो निघाला, सर्टिफिकेट मिळालं... झाली सेवा! मी ख्रिस्ती घरातला. त्याग, सेवा, उत्तेजन हे शब्द लहानपणापासून दर रविवारी ऐकतोय, आणि खरं सांगायचं तर ऐकून ऐकून कान बधिर होतात. म्हणून इथं प्रवचन नाही. मला बोलायचंय ते चपलेबद्दल!

आपल्या अमरावती जिल्ह्यात, परतवाड्याजवळ कोठारा इथं द लेप्रसी मिशनचं हॉस्पिटल आहे. कुष्ठरोगात बोटं झडतात असं अजूनही पुष्कळांना वाटतं. रोग बोटं झडवत नाही, तो नसा निकामी करतो आणि पायाला दुखणंच कळेनासं होतं. वेल्लोरला काम करणारे मिशनरी सर्जन डॉ. पॉल ब्रँड यांनी हे जगाला पटवून दिलं. आपण लांब चाललो की नकळत पाय तिरपा टाकतो, दुखऱ्या जागेवरचा भार काढून घेतो. बधिर पायाला हे जमत नाही. तीच जागा, तोच दाब, दिवसातून हजारो वेळा. मेकॅनिकलवाल्यांनी ओळखलंच असेल, हे सरळसरळ फटीग फेल्युअर! फोर्स कमी होत नसेल तर एरिया वाढवा, म्हणून मायक्रोसेल्युलर रबराचा, म्हणजे एम.सी.आर.चा मऊ तळ असलेली चप्पल. शोअर हार्डनेस साधारण १५. कुणाच्या तरी भक्तीतून निघालेलं डिझाइन आहे हे!

पण चप्पल देऊन काम भागत नाही. रोज पाय पाण्यात भिजवायचे, घट्टा घासून काढायचा, तेल लावायचं, नवीन जखम शोधायची. हे शिकवायचं तर कुणीतरी त्या माणसासमोर खाली बसून त्याचा पाय हातात घ्यावा लागतो. घरच्यांनीही जो पाय वर्षानुवर्षं शिवलेला नसतो, तो. बायबलमध्ये येशू मरणाच्या आदल्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. तेव्हा ते काम घरातल्या नोकराचं. पेत्र तर आधी नाहीच म्हणतो. आपल्या पायाला दुसऱ्यानं हात लावू देणं हेही सोपं नसतं.

उत्तेजनाचंही तसंच. बर्णबाचं खरं नाव योसेफ. प्रेषितांनी त्याला दिलेल्या या नावाचा अर्थ साधारण ‘धीर देणारा’ असा. पण त्यानं केलं काय? यरुशलेमचे शिष्य शौलाला घाबरून जवळ करत नव्हते, तेव्हा हा त्याला सोबत घेऊन गेला. म्हणजे स्वतःची पत पणाला लावली! एम-थ्रीत तिसऱ्यांदा राहिलेल्या पोराला ‘टेन्शन नको घेऊ बे’ म्हणायला काय जातं? स्वतःची पी.एल. चालू असताना त्याच्यासोबत लाप्लास घेऊन बसा, मग बोलू.

आता तो प्रश्न, जो मला कुणी ना कुणी विचारतंच. ‘काऊन बे, हे सगळं लोकाईले ख्रिश्चन करासाठीच असते ना?’ टाळत नाही. जुन्या मिशनऱ्यांना लोकांनी ख्रिस्ती व्हावं असं वाटत होतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत अकोल्याला अलायन्स मिशननं अनाथ मुलं सांभाळली, ती ख्रिस्ती म्हणूनच वाढली. उपाशी लेकरापुढं दुसरा पर्याय काय होता, असं कुणी विचारलं तर ते रास्त आहे, आमच्या लोकांनी त्यावर चिडू नये. ती लेकरं जगली, हेही तितकंच खरं. माझी कसोटी साधी आहे. समोरचा माणूस जन्मात चर्चची पायरी चढणार नाही हे माहीत असूनही तुम्ही त्याच्या पायाशी तेवढाच वेळ बसता का? बसत असाल तर सेवा. भाकरीला अट लावली की तो धंदा.

आणि ही काही आमची मक्तेदारी नाही. अमरावतीत तपोवन उभारून कुष्ठरोग्यांना घर आणि काम देणारे, १९५९ साली पद्मश्री मिळालेले डॉ. शिवाजीराव पटवर्धन ख्रिस्ती नव्हते. कोठारा आणि तपोवन एकाच जिल्ह्यात आहेत, याचा मला अभिमान वाटतो.

२००५ च्या शेवटी देशात कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आलं आणि लोकांना वाटलं, संपलं सगळं. तसं नाही. जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आजही भारतातच सापडतात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा किंवा बारा महिने घ्यावं लागतं. तेव्हा सुट्टीत गावी गेलात आणि कुणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला, तर त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. एकट्याला नका धाडू. गाडीवर मागं बसवा आणि नंबर लागेपर्यंत बाकावर त्याच्या शेजारी बसा.