नवे तुरुंग नकोत, पहिल्या दिवशी वकील द्या



तुरुंगांत कैदी मावत नाहीत, म्हणून नवे तुरुंग बांधा, बराकी वाढवा, अशी मागणी करणारी पत्रे या सदरात आठवडाभर वाचतो आहे. आत बसलेली माणसे कोण आहेत, हे एकाही पत्रलेखकाने विचारू नये, याचा संताप येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा 2022 चा तुरुंगविषयक अहवाल पाहा. तेव्हा देशातल्या सगळ्या तुरुंगांची मिळून क्षमता होती 4 लाख 36 हजार आणि नुसते कच्चे कैदीच 4 लाख 34 हजार! शिक्षा झालेला एकही कैदी आत नसता, तरी तुरुंग जवळजवळ भरलेलेच असते. बांधायच्या त्या बराकी गुन्हा शाबीत न झालेल्या माणसांसाठीच बांधायच्या आहेत. आणि ही माणसे बहुतेक गरीब आहेत. पैसेवाल्याचा वकील अटकेच्या आधीच पोलीस ठाण्यात जाऊन बसलेला असतो.

न्यायालयात नोकरी केल्यामुळे गरिबाचा पहिला रिमांड कसा उरकतो ते मी पाहिले आहे. पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का, असे आरोपीला विचारतात. पोलीस शेजारीच उभा असतो. आरोपी नकारार्थी मान हलवतो आणि कोठडी मंजूर होते. त्याला वकील देण्याची आठवण पुष्कळदा होते ती आरोपपत्र आल्यावर. जामिनाचा अर्ज, साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र न आल्यास मिळणारा हक्काचा जामीन, मारहाण झाली असल्यास वैद्यकीय तपासणी हे सारे त्याआधीच व्हायचे असते. तोवर मजुराचे घर उठलेले असते.

कायदा कमी पडतो, असे कोणी म्हणू नये. पहिल्यांदा हजर करतानाच आरोपीला वकिलाचा हक्क समजावून सांगा, ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्या; यात कसूर करणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाई होईल, असे सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या खटल्यातच 2012 मध्ये बजावले आहे. कसाबला मिळालेला हक्क मोबाइलचोरीच्या आरोपातल्या बिगाऱ्याला का मिळू नये?

'गुन्हेगारांवर आमच्या करातून खर्च कशाला?' असे विचारणाऱ्यांनी नाशिकचा खटला आठवावा. 2003 मधल्या खुनांसाठी भटक्या जमातीतल्या सहा गरीब माणसांपैकी तिघांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये कायम केली, उरलेल्या तिघांची जन्मठेप फाशीत बदलली आणि त्याच न्यायालयाने 2019 मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून भलतेच चौघे ओळखले होते, त्यांचा तपासच झाला नव्हता. खरे गुन्हेगार मोकळे राहिले आणि सहा घरांची सोळा वर्षे गेली. भरपाई ठरली प्रत्येकी पाच लाख. पहिल्या दिवसापासून जागरूक वकील पाठीशी असता, तर छायाचित्रांची ती गोष्ट इतकी वर्षे दडून राहिली नसती, अशी माझी खात्री आहे.

गरीब आरोपींना मोफत वकील देणारी लोक अभिरक्षक कार्यालये सुरू झाली, हे पाऊल चांगलेच आहे. तिथले वकील पूर्णवेळ आहेत, त्यांना खासगी प्रकरणे घेता येत नाहीत. पण कार्यालय जिल्ह्याला आणि पहिला रिमांड तालुक्याला! पोलिसांनी अटक केल्याबरोबर या कार्यालयात फोन गेला पाहिजे आणि तशी नोंद रिमांडच्या कागदावर असली पाहिजे.

    

नव्या तुरुंगाचा पहिला दगड बसण्याआधी शासनाने प्रत्येक तालुका न्यायालयात, सुट्टीच्या दिवशीच्या रिमांडलासुद्धा, लोक अभिरक्षकाचा एक वकील हजर ठेवावा. आणि उच्च न्यायालयाने, आरोपीच्या बाजूने वकील उभा होता की नाही, हे प्रत्येक रिमांड आदेशात लिहिणे सक्तीचे करावे.

— एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा